जुन्या डिझेल गाडीचा टर्बो: बदलण्याआधी कारण शोधा

चढावर गाडी दम टाकू लागते. ओव्हरटेक करताना पाय पूर्ण दाबला तरी ओढत नाही, मागच्या आरशात काळा धूर दिसतो. गॅरेजमध्ये बॉनेट उघडण्याआधीच कुणीतरी म्हणतं, "टर्बो गेला." पाठोपाठ, "नवा टाकू." जुनी डिझेल गाडी पहिल्यांदाच घेतलेला माणूस यावर मान डोलावतो. मीही डोलावली होती. नवा टर्बो बसला, पंधरा दिवस गाडी छान पळाली आणि तिसऱ्या आठवड्यात नव्या टर्बोतूनही सायरनसारखा आवाज येऊ लागला. पुन्हा उघडल्यावर कळलं की टर्बोला ऑइल पोचवणारा बारीक पाइप आतून कार्बनने जवळजवळ बुजला होता. पहिल्या टर्बोचा जीव त्यानेच घेतला होता आणि दुसरा टर्बो त्याच पाइपवर बसवला होता.

म्हणून इथे क्रम असा ठेवला आहे: आधी कारण, मग टर्बो. बहुतेक तपासणी घरी, साध्या हत्यारांनी होते. जे स्वतः करणार नाहीत त्यांना निदान मेकॅनिकला काय विचारायचं ते कळेल.

आत काय चालतं

टर्बो म्हणजे एका शाफ्टच्या दोन टोकांना बसवलेली दोन पंख्यांसारखी चाकं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू एक चाक फिरवतो, ते टर्बाइन. दुसऱ्या टोकाचा कंप्रेसर एअर फिल्टरमधून हवा ओढतो, दाबतो आणि इंटरकूलरमार्गे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीमार्गे) इंजिनात ढकलतो. हवा जास्त मिळाली की जास्त डिझेल नीट जळतं, म्हणून लहान इंजिनातून मोठी ताकद निघते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने या कल्पनेचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं, पण टर्बो डिझेल प्रवासी गाडी बाजारात यायला १९७८ उजाडलं. ती मर्सिडीज-बेंझची ३०० एसडी.

कारच्या छोट्या टर्बोचा शाफ्ट पूर्ण जोरात मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला तीन हजारांहून जास्त. टर्बाइनच्या बाजूचा वायू तेव्हा ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. एवढ्या वेगात आणि उष्णतेत बहुतेक टर्बोंचा शाफ्ट साध्या बुशमध्ये, म्हणजे धातूच्या नळीसारख्या बेअरिंगमध्ये, ऑइलच्या अतिशय पातळ थरावर तरंगत फिरतो. हाच थर त्याला आधार देतो आणि थंडही करतो. थर तुटला की धातूवर धातू घासतो, आणि मग नुकसान व्हायला काही सेकंद पुरतात.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून डिझेल गाड्यांमध्ये आणखी एक गोष्ट सर्रास आली. टर्बाइनभोवती हलणाऱ्या पात्यांचं एक कडं असतं. इंजिन हळू फिरत असताना पाती मिटतात, वायूची वाट अरुंद होते आणि थोड्या वायूतही टर्बाइन जोरात फिरतं. वेग वाढला की पाती उघडतात. ही पाती काजळीने आणि गंजाने अडकतात. शाफ्ट, बेअरिंग सगळं ठणठणीत असताना केवळ पाती अडकल्यामुळे टर्बोला मेलेला ठरवलं जातं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

गाडी काय सांगते ते ऐका

काळा धूर आणि कमी झालेली ओढ म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. त्यात टर्बो दोषी असेल किंवा फाटलेला होज (हवेची रबरी नळी), उघडा राहिलेला ईजीआर व्हॉल्व्ह (जळका वायू थोडा परत इंजिनात सोडणारी झडप), चुकीचं वाचणारा एअर फ्लो सेन्सर, यातलं काहीही असेल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतं आहे. ते टर्बोतून येत असेल, तसंच झिजलेल्या पिस्टन रिंगांमधून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधूनही येत असेल. नुसत्या धुरावरून निकाल देऊ नका.

आवाजांत फरक करायला शिका. हलकी, वेगाबरोबर वाढणारी शिट्टी कित्येक निरोगी टर्बोंना असते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर हवा सुटल्यासारखा फुसफुसाट आला तर होज गळतो आहे. सायरनसारखा चढत जाणारा आणि पाय काढल्यावर उतरणारा आवाज आला तर गाडी बाजूला घ्या आणि चालवू नका. शाफ्ट डुगडुगतो आहे किंवा चाकाची पाती भोवतालच्या घराला (धातूच्या कवचाला) घासत आहेत.

आणखी एक खूण नवख्यांना कुणी सांगत नाही. लांब चढावर जोर लावताना गाडी अचानक मंदावते, इंजिनाचा दिवा लागतो, आणि चावी बंद करून पुन्हा चालू केली की पूर्ववत पळते. बेअरिंग गेलेला टर्बो असा बरा होत नाही. बहुतेक वेळा पाती अडकून दाब गरजेपेक्षा जास्त झालेला असतो आणि गाडीच्या संगणकाने स्वतःहून ताकद कापलेली असते. स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणाऱ्या उपकरणावर) तेव्हा पी०२३४ हा जास्त दाबाचा कोड दिसतो. कमी दाबाचा कोड पी०२९९. दोन्ही कोड फक्त दाब किती होता ते सांगतात, "टर्बो बदला" असं त्यातला एकही म्हणत नाही.

पायरी १: ऑइल

डिपस्टिक काढा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी असेल तर टर्बो उपाशी राहतो हे उघड आहे, पण जास्त असेल तरीही त्रास होतो, कारण मग टर्बोतून परत येणाऱ्या ऑइलला खाली उतरायला जागा उरत नाही. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत पातळी आपोआप वाढली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर फिल्टर जाळून साफ करण्यासाठी फवारलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आहे. असं पातळ झालेलं ऑइल शाफ्टला नीट पेलत नाही.

मागचं ऑइल कधी बदललं, कोणत्या दर्जाचं घातलं, ऑइल फिल्टर बदलला का, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर बाकीचं काही करण्याआधी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला.

पायरी २: होज आणि इंटरकूलर

इथे घाई करू नका. माझ्या अनुभवात "गेलेल्या" टर्बोंपैकी कितीतरी इथेच परत जिवंत होतात.

एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंत, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत प्रत्येक होज हाताने दाबून, वाकवून पाहा. चीर बहुधा खालच्या बाजूला असते, जिथे सहज नजर जात नाही. ऑइलचा ओला डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली की हवा तिथूनच निसटते आहे असं समजा. क्लिप ढिल्या आहेत का, इंटरकूलरचे कोपरे फुटले आहेत का तेही बघा. आयडलिंगला दाब तयारच होत नाही, त्यामुळे इंजिन नुसतं चालू ठेवून गळती सापडत नाही. गॅरेजमध्ये नळ्यांत धूर सोडून किंवा अर्धा-एक बार एवढाच हवेचा दाब देऊन, वर साबणाचं पाणी मारून ती शोधतात.

होजची चीर पिकअप कमी करते तशीच ती टर्बोलाही मारते. हवा वाटेत निसटली की संगणकाला दाब कमी दिसतो. तो पाती आणखी मिटतो, टर्बो आणखी जोरात फिरतो, आणि अखेरीस ज्या वेगासाठी तो बनलेलाच नाही त्या वेगात जातो. एअर फिल्टर आणि टर्बोमधल्या नळीला भोक असेल तर वेगळंच संकट येतं. न गाळलेली धूळ आत जाऊन कंप्रेसरच्या पात्यांच्या धारा वाळूच्या कागदासारख्या घासून काढते.

पायरी ३: पाती हलवणारा ॲक्च्युएटर

टर्बोला लागून एक डबी आणि तिच्यातून निघणारा दांडा दिसेल. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या बहुतेक टर्बोंमध्ये इंजिन चालू करताच दांडा साधारण एक सेंटिमीटर ओढला जातो आणि बंद केल्यावर परत जातो. कुणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि आपण पाहा. दांडा हललाच नाही तर आधी रबराच्या बारीक नळ्या तपासा, त्या उष्णतेने तडकतात. हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप मिळाला तर डबीला लावा. दांडा सलग, न अडखळता सरकला पाहिजे आणि व्हॅक्यूम टिकला पाहिजे. टिकला नाही तर आतला पडदा फाटला आहे. टिकतो पण दांडा मधेच अडतो, तर पाती अडकली आहेत. अशी पाती टर्बो उतरवून, टर्बाइनचं घर उघडून साफ करता येतात, मात्र खोलताना दांड्याच्या स्क्रूची मूळ जागा बदलू नका. ती बदलली की दाबाचं गणितच बदलतं.

इलेक्ट्रॉनिक ॲक्च्युएटर असेल तर तो हाताने ढकलू नका, आतले गिअर तुटतात. त्याची चाचणी स्कॅनरवरून घ्या. हलत्या पात्यांऐवजी वेस्टगेट (जास्तीचा वायू बाजूने सोडणारी झडप) असलेल्या जुन्या टर्बोंमध्ये आयडलिंगला दांडा हलत नाही. ते बिघाडाचं लक्षण नाही.

पायरी ४: शाफ्ट

इंजिन पूर्ण थंड, चावी खिशात. कंप्रेसरच्या तोंडाचा होज काढा आणि टॉर्चने आत बघा. ऑइलचा हलका ओलावा दिसेल, घाबरू नका. इंजिनाच्या ब्रीदरमधली (आतली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतली) वाफ याच वाटेने जाते आणि थोडं ऑइल मागे ठेवते. तळाशी साठलेलं ऑइल ही मात्र काळजीची गोष्ट.

चाकाच्या पात्यांना खाच, वाकणं, घासल्याची चमक आहे का ते पाहा. बोटाने हळू फिरवा, कुठेही न अडता फिरलं पाहिजे. आता शाफ्टचं टोक चिमटीत धरा. वर-खाली आणि आडवं किंचित हललं तर चालतं, कारण ऑइलच्या थराची जागा आत्ता रिकामी आहे. इंजिन चालू झाल्यावर ती भरते आणि शाफ्ट मधोमध येतो. हलवताना पाती घराला टेकली तर बेअरिंग संपलं. मग शाफ्ट आत-बाहेर, लांबीच्या दिशेने ओढून-ढकलून पाहा. या दिशेची मोकळीक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आतच असते, म्हणजे बोटाला जवळपास जाणवायला नको. टकटक जाणवली तर टर्बो उतरवावाच लागेल.

थांबा, हे आधी वाचा

शाफ्ट तुटला किंवा टर्बोने खूप ऑइल सोडलं तर ते ऑइल इंटरकूलरमधून थेट इंजिनात जातं आणि डिझेल इंजिन ते इंधन म्हणून जाळतं. मग ॲक्सिलरेटर सोडून, चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही. रेस चढतच जाते, मागे दाट पांढरा-निळा धूर उठतो आणि इंजिन स्वतःला फोडेपर्यंत पळतं. हातगिअरची गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून धरा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच झटक्यात सोडा, इंजिन गुदमरून बंद पडेल. ऑटोमॅटिक असेल किंवा क्लचचा प्रयत्न फसला तर सगळ्यांना घेऊन गाडीपासून दूर जा. हवेचं तोंड हाताने किंवा फडक्याने बंद करायला जाऊ नका, ओढ भयंकर असते. साठलेलं ऑइल होजमध्ये दिसलं असताना "गॅरेजपर्यंत हळू नेतो" म्हणून गाडी चालू करू नका. टो करून न्या.

पायरी ५: स्कॅनर

साधा स्कॅनर आणि मोबाइल पुरतो. चावी चालू, इंजिन बंद असताना दाबाचा सेन्सर बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. समुद्रसपाटीला तो साधारण १००० मिलिबार असतो आणि दर हजार मीटर उंचीला सुमारे १०० ने कमी होतो. इथेच आकडा भलता आला तर सेन्सर खोटं बोलतो आहे आणि टर्बोला विनाकारण दोष लागतो आहे.

मग मोकळ्या रस्त्यावर, दुसऱ्या कुणाला तरी चालवायला देऊन, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायला सांगा. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब, हे दोन आकडे शेजारी ठेवा. मिळालेला सतत मागे राहतो: गळती, उघडी अडकलेली पाती किंवा थकलेला टर्बो. मिळालेला उसळी मारून वर जातो: मिटलेली अडकलेली पाती.

पायरी ६: ब्रीदर, ऑइलचा परतीचा पाइप, डीपीएफ

टर्बोच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतं असा गैरसमज आहे. तिथे पिस्टनच्या रिंगांसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात, आणि ऑइल आत राहतं ते मुख्यतः दाबाच्या समतोलामुळे. त्यामुळे टर्बोतून ऑइल गळतं म्हणजे टर्बो गेला असं होत नाही. परतीचा पाइप बुजला, वाकला किंवा गॅस्केटवर थापलेलं सिलिकॉन आत घुसलं, तर ऑइल उतरणार कुठे? ते केवळ स्वतःच्या वजनाने खाली वाहतं, मागून ढकलणारं काही नसतं. ब्रीदर चोंदला किंवा पिस्टनच्या रिंगा झिजून क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोकळीत) दाब वाढला, तरी ते खालून अडतं. एअर फिल्टर गच्च भरला असेल तर कंप्रेसरच्या बाजूची ओढच ऑइल बाहेर खेचते. नवा टर्बो लावला तरी तोही गळेल.

चोंदलेल्या डीपीएफचा त्रास उलट बाजूने होतो. वायूला बाहेर पडता येत नाही, टर्बाइनमागचा दाब आणि तापमान वाढतं, गरम वायू बेअरिंगच्या घरात शिरतो आणि तिथलं ऑइल जळून कोळसा होतं. डीपीएफच्या आधीचा आणि नंतरचा दाब यातला फरक स्कॅनरवर दिसतो. आयडलिंगला तो मोजक्या मिलिबारचाच असायला हवा.

जुना टर्बो फेकू नका

बदलायची वेळ आलीच तर काढलेला टर्बो परत मागून घ्या आणि समोर उघडायला सांगा. शाफ्ट तापून निळा-जांभळा पडला असेल तर ऑइल पोचलं नव्हतं. बुशवर गोल ओरखडे असतील तर ऑइल घाण होतं. आत काळा, टणक थर असेल तर ऑइल जास्त दिवस वापरलं किंवा गरम इंजिन तसंच बंद करण्याची सवय होती. कंप्रेसरच्या पात्यांच्या धारा तुटल्या असतील तर बाहेरून काहीतरी आत गेलं. टर्बाइनच्या बाजूला तुटल्या असतील तर इंजिनातूनच ग्लो प्लगचं (थंड इंजिन पेटवायला तापणाऱ्या कांडीचं) टोक किंवा व्हॉल्व्हचा तुकडा आला. कंप्रेसरच्या चाकाची पाठ संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसली तर तो मर्यादेपलीकडच्या वेगात फिरला, म्हणजे होज पुन्हा तपासा.

बसवताना हट्ट धरा

ऑइल पोचवणारा पाइप आणि त्याचे बोल्ट नवे हवेत, "साफ करून बसवले" चालणार नाही. काही इंजिनांत त्या बोल्टमध्ये बारीक जाळी असते. पीएसए (प्यूजो-सिट्रोएन) आणि फोर्ड यांनी मिळून बनवलेल्या १.६ लिटर डिझेल इंजिनाची गोष्ट प्रसिद्ध आहे. इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर गळले की जळका वायू ऑइलमध्ये कार्बन वाढवतो, कार्बन जाळीत अडकतो आणि टर्बो उपाशी मरतो. अशा इंजिनात नुसते टर्बो बदलत राहणं म्हणजे पैशांचा चुराडा.

परतीचा पाइप साफ, सरळ उतरता. ऑइलच्या जोडावर गॅस्केटच लावा, सिलिकॉन नको. इंटरकूलर उतरवून धुवा, कारण त्यात ऑइल आणि तुटलेल्या चाकाचे ॲल्युमिनियमचे तुकडे बसलेले असतात. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर नवे. फक्त आतलं कार्ट्रिज (शाफ्ट, चाकं आणि बेअरिंगचा मधला भाग) बदलणार असाल तर ते बॅलन्स केलेलं आहे का आणि हलणाऱ्या पात्यांच्या मिटण्याची मर्यादा यंत्रावर लावून घेतली आहे का, हे विचारा. अंदाजाने लावलेली पाती पुन्हा त्याच तक्रारी आणतात.

चालू करण्याआधी टर्बोच्या ऑइलच्या तोंडात स्वच्छ ऑइल ओता आणि चाक बोटाने फिरवा. मग इंजिन पेटू न देता स्टार्टर थोडाथोडा मारून ऑइलचा दाब येऊ द्या. पेटल्यावर काही मिनिटं नुसतं आयडलिंग, रेस अजिबात नको. हे टाळलं तर नवा टर्बो पहिल्याच मिनिटात कोरडा फिरतो.

रोजची सवय

थंड इंजिन पेटवल्यावर अर्धा मिनिट थांबा, मग सावकाश निघा आणि इंजिन तापेपर्यंत जोर लावू नका. महामार्गावर किंवा चढावर दामटून आल्यावर लगेच चावी बंद करू नका, मिनिट-दोन मिनिटं आयडलिंगला ठेवा. शेवटचे काही किलोमीटर शांतपणे चालवले असतील तर तेवढं थांबायचीही गरज नसते. जुन्या गाडीचं ऑइल पुस्तकात लिहिलेल्या अंतरापेक्षा लवकर बदला. मी निम्म्या अंतराला बदलतो. दर्जा मात्र पुस्तकातलाच ठेवा, विशेषतः डीपीएफ असेल तर कमी राखेचंच ऑइल घाला.

नवा टर्बो बसल्यावर पाचशे किलोमीटरनंतर एकदा गाडी उभी करा. सगळ्या क्लिप पुन्हा आवळा, परतीच्या पाइपचा जोड कोरडा आहे का ते बोट फिरवून पाहा, कंप्रेसरच्या तोंडाचा होज काढून शाफ्ट परत एकदा चिमटीत धरा. हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला. जुन्या टर्बोची उरलेली घाण तोवर त्यात उतरलेली असते.